मुकादमाची दोन वर्षं

प्यो गी-दोकचे गुडघे सकाळी त्याच्या आधी जागे व्हायचे. उल्सानच्या जहाजांच्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्र्यांच्या पोटात उकिडवं बसून वेल्डिंग केलेलं, शेवटी मुकादमकी. त्यातली अखेरची दोन वर्षं आपण उगाच घासली, असं त्याला वाटे. त्याच्या आधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. म्हणून बापाने हा जगतोय का ते आधी बघितलं आणि पोरगा चालायला लागल्यावरच सरकारदरबारी नाव घातलं. कागदावर साठ भरून निवृत्ती मिळाली तेव्हा हाडं बासष्टची झाली होती. हे बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर बायको म्हणाली, "अहो, दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर नका बसू." म्हणून त्याने वस्तीतल्या पोरांचा फुटबॉल संघ हाती घेतला. पण तरुण माणसं पोरंबाळं घेऊन वस्ती सोडत होती. संघात नऊच पोरं उरली आणि स्पर्धेला बारा नावं लागत. तेवढ्यात कारखान्याच्या चाळीत अफगाण कुटुंबं राहायला आली आणि त्यांची चार पोरं मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यातला झल्मय गोलात उभा राहिला की चेंडू आत जायचं नावच घेत नसे.

घोडं अडलं ते जन्मतारखेवर. स्पर्धा बारा वर्षांपर्यंतच्या पोरांची होती. चौघांच्याही कागदांवर एकच तारीख, एक जानेवारी.

"चौघांच्या आयांनी ठरवून बाळंतपणं केली काय?" पेक दल-सू सगळ्यांदेखत गरजला. दल-सूचा नातू इन-ग्यू आधी गोलरक्षक होता, आता राखीव बसत होता. "हा झल्मय चौदाचा घोडा आहे, गी-दोक! तुला दिसत नाही?"

स्पर्धावाल्यांकडे तक्रार गेली. त्यांनी कळवलं, पोरांची वयं खरी असल्याचं, प्रत्येक घरची सही असलेलं हमीपत्र शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर संघ बाद. आठ घरांनी कुरकुरत का होईना, सह्या केल्या. दल-सू हटून बसला.

गी-दोक झल्मयच्या बापाकडे गेला. सखीदाद कामावरून नुकताच आलेला, भुवयांत लोखंडाची पूड. "साहेब, अक्रोड झोडायच्या दिवसांत झाला हा," तो म्हणाला. "कागदवाल्याने विचारलं, तारीख काय? कुणाला माहीत? मग त्यानेच जानेवारी टाकला. बाराही पुरते झाले नाहीत पोराला." मग खाली मान घालून म्हणाला, "त्रास होत असेल तर काढून टाका नावं." त्या पडलेल्या आवाजाने गी-दोकला फार वाईट वाटलं. कारखान्यात त्याने स्वतःही कितीदा असंच नमतं घेतलं होतं.

गुरुवारी दुपारी तो दल-सूच्या घरी गेला. हा त्याचा एकुलता एक दोस्त. कारखान्यात पहिल्याच दिवशी दल-सूने विचारलं होतं, "कितव्या सालचा रे?" गी-दोकने कागदावरचं साल सांगितलं. "म्हणजे एका वर्षाने धाकटा. मला दादा म्हणायचं." झालं. तेव्हापासून ताटात पहिला घास दल-सूचा, शिव्या खायच्या गी-दोकने. कित्येकदा खरं ओठांवर आलं होतं. पण दादा म्हणून झाल्यावर ते मागे कसं घ्यायचं?

"सही कर, दादा."

"कागद खोटा आहे."

"माझाही खोटाच आहे." गी-दोक खालीच बसला. "बापाने दोन वर्षं उशिरा नाव घातलं. मी तुझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा आहे."

दल-सू हसला. मग गी-दोकच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

"एकतीस वर्षं मी तुझ्या डोक्यावर टपल्या मारल्या."

"मारल्यास."

"आणि तू मनातल्या मनात हसत होतास?"

"नाही रे. मला आवडायचं. घरात माझ्या वरचं कुणी जगलंच नव्हतं."

दल-सूने कागद ओढला, सही केली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी संघ खेळला. झल्मयने एक पेनल्टी अडवली. उत्तरार्धात गी-दोकने इन-ग्यूला गोलात घातलं, तर झल्मय आता बचावात खेळता खेळता त्याला घसा बसेपर्यंत सांगत होता, "डावीकडे सरक! डावीकडे!" दल-सू मैदानाच्या पलीकडे सखीदादशेजारी बसला होता. पंचाने झल्मयवर शिट्टी फुंकली तेव्हा म्हातारा ताडकन उठला. "आंधळा आहेस काय रे? आमच्या पोराने हातसुद्धा लावला नाही!" गी-दोकला हसू आलं. सवयीने त्याने तिकडे बघितलं. दल-सूने मान फिरवली.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. पोरं, आया, बाप सगळे नूडल्स खायला निघाले. दल-सूने सखीदादला खांद्याला धरून विचारलं, "कितव्या सालचा तू? जाऊ दे, तारीख नको, अंदाजे सांग." सखीदाद म्हणाला, एक्केचाळीस असतील. "मग मला दादा म्हणायचं," दल-सू म्हणाला आणि त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला.

गी-दोक चेंडू जाळीत भरत होता. चालत जाऊन त्यांना गाठायला दोन मिनिटं लागली असती. गुडघे दुखताहेत, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो तिथेच गवतावर बसून राहिला.