धक्क्यावरचा सत्कार

प्रवासामुळे माणसे माणसांच्या जवळ येतात. हे वाक्य अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावी आमच्या ऑफिसच्या भिंतीवर पितळी अक्षरांत लावलेले आहे. त्याखाली बसून मी क्रूझच्या प्रवाशांसाठी किनाऱ्यावरच्या सहली आखतो, आणि वाक्य खोटे आहे असे मला म्हणता येणार नाही. आग्नेय आशियातल्या एका बेटावर माणसे एकमेकांच्या इतकी जवळ आली, की बांबू फिरवायला जागा उरेना. मग त्यांनी सुऱ्या काढल्या.

बेटावर क्रूझसाठी नवा धक्का झाला होता. काँक्रीट ताजे, स्वागताची कमान भव्य, संडास बांधायचे राहिलेले. उतरणाऱ्या पाहुण्यांना देऊळ, धबधबा आणि जेवण दाखवून संध्याकाळी बोटीवर परत आणायचे, एवढेच काम. ते धक्क्याच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे अशा दोन गावांतल्या व्हॅनवाल्यांना हवे होते. ही गावे आधीपासून मासेमारीच्या जागेवरून भांडत होती. आम्ही त्यांना जास्त चांगले कारण पुरवले. पहिल्या हंगामात दोन व्हॅन जळाल्या आणि दक्षिणेच्या एका माणसाचा कान गेला.

भांडण मिटवले ते तिथल्या आमच्या प्रतिनिधी बाईंनी. त्या उत्तरेकडच्या, पूर्वी शाळेत शिकवत. त्यांनी दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांना एका ताटात भात खायला बसवले आणि पाळी ठरवली: एक बोट उत्तरेची, पुढची दक्षिणेची. ज्यांची पाळी नसेल त्यांनी धक्क्यावर पाहुण्यांकडून काहीही घ्यायचे नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

"पाळी मोडली तर आधी माझ्या भावाला मारतील, सर," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "कान त्यानेच कापला होता."

पुढच्या हंगामात आमच्याकडच्या मराठी मंडळाने त्या बेटावर जाणाऱ्या एका बोटीवर चाळीस जणांची सहल ठरवली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सगळ्यांचे काका, निवृत्त सर्जन. जाण्याआधी ते बर्फाचे बूट घालूनच माझ्या खोलीत आले. गालिच्यावर तळे झाले.

"सत्कार कुणाचा करायचा तेवढं सांग."

"कुणाचाच नाही, काका. तिथे पाळीचं नाजूक प्रकरण आहे. धक्क्यावर कुणाला काही द्यायचं नाही."

"टिप देणार नाही रे. शाल-श्रीफळ म्हणजे देणं नव्हे, तो मान असतो."

"तिथे तो फरक कुणाला कळणार नाही."

"मग आपण समजावून सांगू. माइक नेतोय आम्ही."

मंडळ कुठेही गेले की कुणाचा तरी सत्कार करते. अलास्कात त्यांनी एका फॉरेस्ट रेंजरला शाल पांघरली होती. त्याने ती उन्हाळ्यात, सभ्यपणे, तासभर अंगावर ठेवली. या वेळचा नारळ इथल्या इंडियन ग्रोसरीतून घेतला होता. नारळाच्या झाडांनी भरलेल्या बेटावर तो मिनेसोटातून विमानाने आणि मग बोटीने नेण्यात आला.

शेवटची गाडी सुटेपर्यंत तिथल्या प्रतिनिधीने व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, अशी आमची पद्धत आहे. इकडे संध्याकाळ होती, खाली पार्किंगमध्ये बर्फ ढकलणारा ट्रक पीं-पीं करत मागे येत होता. तिकडे कोवळे ऊन होते. पाळी दक्षिणेची. त्यांच्या व्हॅन रांगेत उभ्या होत्या. बाईंचा भाऊ विसरलेला चार्जर बहिणीला द्यायला आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांचा नीट भांग. आसपास तेवढाच माणूस अधिकाऱ्यासारखा दिसत होता.

काकांनी त्याला हेरले. मी फोनमधून ओरडलो, पण माइक काकांच्या हातात होता. "दोन संस्कृतींचा सेतू" इथपर्यंत मला ऐकू आले. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. दक्षिणेच्या लोकांनी पाहिले ते असे: बोटीचे मालक वाटणारे म्हातारे गृहस्थ, सगळ्या पाहुण्यांसमोर, उत्तरेच्या माणसाला कायमचे काम सोपवत आहेत.

पहिला दगड कमानीवर लागला, दुसरा एका व्हॅनच्या काचेवर. मग बांबू. उत्तरेचे लोकही कुठून तरी आले. धक्क्यावर काही न घेण्याचे त्यांनी कबूल केले होते, दूर राहण्याचे नाही. जांभळी जरीची शाल पांघरलेला माणूस गर्दीत हुकणे अवघड असते. एकाने तिची टोके मागून धरून त्याला ओढले, दुसऱ्याने बरगड्यांत लाथ घातली. भावाने हातातला नारळ समोरच्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटले. नारळ फुटला नाही. मग मासे कापायची सुरी त्याच्या मांडीत गेली, आणि बाईंच्या हातातून फोन पडला.

मला आकाश दिसत होते. कुणी तरी कुणाच्या तरी डोक्यात ओले लाकूड घालावे तसे आवाज येत होते. मग पडद्यावर काकूंचा चेहरा आला.

"अगंबाई, तू आहेस होय? इथे फार मारामारी चाललीये रे."

"काकू, सगळ्यांना बोटीवर चढवा. काका कुठे आहेत?"

"ते गेलेत आत. चष्मा माझ्याकडे देऊन गेलेत."

त्यांनी फोन फिरवला. काका "साइड! साइड!" करत गर्दीत शिरले होते, आणि बोटीच्या मालकाला मारावे की नाही हे न ठरल्यामुळे बांबू क्षणभर वरच राहिले. काकांनी गुडघा सुरी लागलेल्या त्या मुलाच्या जांघेत रोवला आणि शाल पिळून मांडीला आवळली. काँक्रीटवर रक्त पसरत होते. बाई भावाचे डोके मांडीवर घेऊन त्याला बोलते ठेवायचा प्रयत्न करत होत्या. तो उत्तर देत नव्हता.

"काका, दाब सोडू नका," मी म्हणालो.

"तू मला शिकवू नकोस. तू व्हॅन मोज. बोटीवरच्या डॉक्टरला बोलाव, रक्त पाहिजे याला."

मी बोटीला दुसऱ्या फोनवरून विचारले. दवाखाना फक्त प्रवाशांसाठी आहे, असे गोड आवाजात उत्तर आले. बेटावरचे इस्पितळ घाटापलीकडे होते. मी ते काकांना सांगितले.

"त्यांना सांग, हा आमच्या मंडळाचा आजीव सभासद आहे. आत्ताच केलाय. अध्यक्ष मी आहे."

मी तसेच सांगितले. इतक्या गंभीर पदाला नकार कसा द्यायचा, हे बहुधा त्यांच्या नियमांत नव्हते. स्ट्रेचर खाली आले. काका तसेच गुडघा रोवून, त्याच्याबरोबर आडवे-तिडवे चालत, जिन्यावरून वर गेले. बाई मागोमाग गेल्या. त्यांच्या हातात एक चप्पल होती, ती कुणाची ते त्यांनाही माहीत नव्हते.

मुलगा जगला. पाय थोडा ओढतो, पण व्हॅन चालवतो. दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांना बाईंनी पुन्हा एका ताटात जेवायला बसवले. या वेळी त्या स्वतः मधे बसल्या होत्या. पाळी चालू आहे. काकांनी मंडळाच्या अंकात "सेतू" या नावाने लेख लिहिला.

पोलीस आले होते. अटक कुणालाच झाली नाही. सगळ्या प्रकरणात जप्ती झाली ती एका नारळाची, तीही हत्यार म्हणून नव्हे. परदेशी फळ बेटावर आणायला बंदी आहे.