पायल मार्गावरची वरात

यवतमाळहून उमरखेडच्या बसमध्ये बसलो तेव्हा मी उत्साहात होतो. पुसदच्या स्टँडवर पोह्यांवर तर्री (तिखट लाल रस्सा) ओतून घेतली आणि उरलेला प्रवास नाक पुसत केला. ऑफिसातल्या प्रशांतचं लग्न होतं, आणि तिकडच्या पाहुणचाराची कीर्ती ऐकून मी आदल्या दिवशी चिवडासुद्धा बेताने खाल्ला होता.

उमरखेडला ऑटो एका निळ्या पाटीपाशी वळला, ‘कु. पायल मार्ग’. मी म्हटलं, नगरसेवकाची लेक दिसते! ऑटोवाला हसला नाही. पायल कॉलेजात शिकायची, त्याने सांगितलं. दारासमोरून जाणारी वरात बघत उभी होती आणि कुणीतरी खुशीत झाडलेली गोळी तिला लागली. तेव्हापासून इथे प्रत्येक वरातीचा बँड कोपऱ्यावर बंद होतो, नवरदेव घोडीवरून उतरून पायी जातो. मी जीभ चावली.

संध्याकाळी आमची वरात निघाली. मला नाचता येत नाही, पण तिथे ते विचारतो कोण? दोघांनी दंड धरून मला मधोमध ओढलं. मग तो कोपरा आला. बँड थांबला, प्रशांत उतरला, आणि माना खाली घालून सगळे चालू लागले. चपलांचा तेवढा आवाज. मला ते फार भावलं.

पुढे एका घरातून पायलची आई, सुनंदाकाकू, थेट रस्त्यात आल्या.

“काहून (का) थांबवला बँड?”

प्रशांत म्हणाला, “काकू, पायलसाठी...”

“म्या बंदूक नको म्हनलं होतं. बाजा नको म्हनलं नोहतं. पोरीले वरात लय आवडे.”

बँडवाल्यांनी बिचकतच सूर लावला, मग ढोल घुमला. काकूंनी पदर खोचला, टाळ्या वाजवल्या, रडल्या, पण बाजूला काही झाल्या नाहीत. मीही पुन्हा नाचू लागलो.

मांडवात वांग्याची भाजी इतकी चापली की सकाळी परतीच्या बसमध्ये नीट वाकताही येईना. तरी मन त्या रस्त्यावरच होतं. आम्हाला क्षणभर सुंदर वाटलेली ती शांतता काकूंनी वर्षानुवर्षं सोसली होती. निघताना मी त्यांना विचारलं होतं, इतके दिवस सांगितलं का नाही?

“कोनी इचारलंच नाही, भाऊ. सारे मान खाली घालून जात. माह्याकडे पाहे कोन?”