भिंतीबाहेरच्या पंपाची साक्ष

माझ्या या दोस्ताला सगळे वायसर म्हणतात. खऱ्या नावाने हाक मारली तर तोच इकडेतिकडे बघतो, कोणाला बोलावताहेत म्हणून. धंदा नळदुरुस्तीचा. गळका नळ दिसला की याचा जीव खालीवर. पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा ताटं वाढून मंडळी खोळंबली आणि जावईबापू मोरीत, हातात पकड!

अशा माणसाच्या गल्लीतल्या नव्या इमारतीतून चौदा पितळी नळ चोरीला गेले. पोलिसांनी फार डोकं चालवलं नाही. नळाशी ओळख असलेला पहिला माणूस उचलला. त्याला तीन वर्षं झाली. खटला अजून सुरूच नाही. गुन्हा शाबीत झाला असता तरी शिक्षा भोगून एव्हाना घरी आला असता. हे गणित मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने मान डोलावली आणि पुढची तारीख दिली.

जामिनाच्या अर्जावर अशा एकोणीस तारखा झाल्या. आरोपीला समोर उभं करा, मग बघू, असं कोर्ट म्हणायचं. तुरुंगवाले काही त्याला आणायचे नाहीत. कधी गाडी नाही, कधी शिपाई नाहीत.

खरं कारण वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्यासमोरच भेटीच्या जाळीतून उकरून काढलं. तुरुंगाचा पाण्याचा पंप दिवसाआड बंद पडायचा. याने तो चालता केला, आणि आता त्याच्याशिवाय पंपाला कोणी हात लावेना.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"

"अगं, कण्हत होता गं तो."

"आणि मी घरी काय गाणी म्हणते? उद्या तारीख आहे. एक दिवस बिघडू द्या की!"

"चारशे माणसं आहेत आत. त्यांनी पाणी काय डोळ्यांतून काढायचं?"

माझं डोकंच फिरलं. जाळी मध्ये नसती तर त्याचे कान उपटले असते.

विसाव्या तारखेलाही तो आला नाही. तुरुंगाचा कारकून तेवढा आला, पत्र घेऊन. सरकारी वकील आधी उठले. "आरोपी भाड्याच्या खोलीत राहतो. सगळा धंदा एका पिशवीत मावतो. आज सोडला तर उद्या परागंदा होईल."

मग पत्र वाचलं गेलं. सदर आरोपी रोज सकाळी भिंतीबाहेरील पंपघरात कामास जात असल्याने व त्याच्यावाचून पाणीपुरवठा खंडित होत असल्याने आज हजर करता येत नाही.

आमचे फुकटातले वकील नेहमीप्रमाणे पुढची तारीख मागायला उठले. मी मागून त्यांचा कोट ओढला. "अहो, भिंतीबाहेरील! तेवढंच परत वाचा, मोठ्याने."

त्यांनी वाचलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. "भिंतीबाहेर? सोबत कोण असतं?"

कारकुनाची छाती फुगली. "कोणी नाही, मॅडम. दोन वर्षांत गरजच पडली नाही. पंपघराची किल्लीसुद्धा त्याच्याकडेच."

"आणि परत कधी येतो?"

"जेवणाच्या आधी. फाटक उघडायला उशीर झाला तर उलट आम्हालाच ओरडतो."

मागच्या बाकांवर हशा पिकला. सरकारी वकिलांना एकदम फाइलीत काहीतरी महत्त्वाचं सापडलं. आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे कारकुनाला सगळ्यांत शेवटी कळलं.

"पण मॅडम, पंपाचं काय?"

"पगार देऊन ठेवा की कोणाला तरी," बाई म्हणाल्या. "याला उद्या इथे आणा. जामीनदार नको, त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडते."

दुसऱ्या दिवशी गाडीही मिळाली आणि शिपाईही. वायसर कोर्टातल्या बाबूच्या टेबलापाशी उभा, वहिनी त्याच्या बाहीला धरून. पुन्हा कोणी नेईल की काय, अशी. त्याने हमीचा कागद अक्षर न् अक्षर वाचला आणि एका अटीवर बोट ठेवलं. प्रत्येक तारखेला कोर्टात हजर राहणे.

"मला आणायला गाडी येणार का?"

"नाही. आता तुमचं तुम्ही यायचं."

"असं होय? मग येईन की वेळेवर," वायसर म्हणाला आणि सही ठोकली.