चासीतला साबण

निळ्या रंगाच्या पापुद्र्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली लष्करी हिरवा, आणि हिरव्याखाली... करवतीच्या पात्याने खरवडता खरवडता एकदम उघडं पडलेलं ते करडं, थंडगार लोखंड! डोळे मिटले की अजून मला आधी ते लोखंड दिसतं, आणि मग त्याच्याशेजारी उकिडवे बसलेले अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. लष्करात ट्रक चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि आमच्या वाट्याला ते सुट्टीपुरते आले. नव्वदच्या दशकातल्या एका श्रावणात ते कायमचे घरी परतले – कोरेगावजवळच्या आमच्या गावी – आणि लगेच कराडहून एक जुनी जीप दोरखंडाने ओढून आणली. कोरेगाव ते सातारा वडाप करायचं, माणसं भरून फेऱ्या मारायच्या, असा बेत. बॉडी उतरवून चासी, म्हणजे जीपचा लोखंडी सांगाडा, अंगणात विटांवर ठेवली. "समदा रंग काढून बघतो," ते आईला म्हणाले, "चासीत खोट नसली तर जीप ऱ्हाईल आन् मीबी ऱ्हाईन. न्हाईतर पुण्याला वॉचमनची नोकरी हायच." दहा वर्षांची होते मी. बाप नुकता कुठे हाताला लागला होता!

मग रोज शाळा सुटली की मी चासीपाशी. अण्णा कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतायचे, रंग फुगून यायचा, ते धुऊन काढायचे आणि उरलेला मी खरवडायची. रॉकेलचा, ओल्या गंजाचा, त्यांच्या बिडीचा वास माझ्या फ्रॉकात मुरून गेलेला... "अगं हळू, लोखंड हाय ते, पळून जातंय व्हय?" ते चेष्टा करायचे. मी हसायची, पण मनात एकच – इथे नको रे देवा, इथेही नको.

आणि एका दुपारी, मागच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ, केसासारखी बारीक रेघ दिसली. नखाने चाचपली. नख अडकलं.

अण्णा आत जेवत होते. जीपची पेट्रोलची टाकी ठिबकली तेव्हा त्यांनी कपड्याचा साबण घासून गळती थांबवली होती, हे मी पाहिलेलं. न्हाणीतून वडी आणली, चिरेत साबण दाबून भरला, आणि गंज धरू नये म्हणून त्यांनी कालवून ठेवलेला तांबडा रेड ऑक्साइड रंग वरून फासला. "शाबास गं माझ्या वाघिणी!" बाहेर येऊन ते म्हणाले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे वर्गात बसले की भरलेली जीप दिसायची – गुडघ्याला गुडघा लावून बसलेली बाजारची माणसं, आणि त्यांच्याखाली माझा साबण... तरी तोंड काही उघडलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं, गाड्या धुऊन पुजतात. अण्णांनी चासीही धुवायला घेतली. मी तांब्याने पाणी मारत होते, ती एक जागा सोडून. "अगं तिथंबी मार की, कवाधरनं चुकवतीयास!"

मारलं. तांबडा रंग सोलून निघाला आणि खालून पांढराशुभ्र फेस आला. अण्णांनी तो बोटावर घेतला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं. "तुमी परत जाऊ नये म्हनून..." एवढंच बोलले मी, आणि भोकाड पसरलं.

त्यांनी हात उगारला नाही. शेजारी बसवून घेतलं. "चीर दिसली तवाच सांगायचं, पोरी. हेच्यात मानसं बसनार व्हती." चीर बघायला बोलावलेला वेल्डर म्हणाला, "आवं, पट्टी मारून देतो, लय गाड्या अशाच पळत्यात." अण्णा नाही म्हणाले ते नाहीच. झेंडूची माळ घातलेली चासी दिवाळीआधी भंगारात गेली आणि अण्णा पुण्याला.

तिथून दर पत्रात एकच ओळ यायची – मी मजेत आहे. सुट्टीला आले की छाती चोळत बसत, विचारलं तर, "काय न्हाई गं, जरा दमलोय." आणि मीही ते खरं मानून चहा टाकायला उठायची, कारण मला ते खरंच हवं होतं... छातीचं दुखणं त्यांनी वर्षभर अंगावर काढलं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जाब विचारायला अण्णाच उरले नव्हते.

अजून राग येतो मला त्यांचा. चीर दिसली तवाच सांगायचं होतं की, अण्णा.