पंख्याच्या वाऱ्यातला जोड

खरं सांगायचं तर मी त्या शुक्रवारी कुवेतच्या अर्दियाला, गॅरेजांच्या वस्तीत गेलो ते साहेबाला फसताना बघायला. मदत वगैरे करायला नाही. त्याचा फोन आला, "अरे, तुला गाड्यांतलं कळतं, एक जुनी स्पोर्ट्स कार बघायची आहे, येशील का?" मी लगेच हो म्हटलं. खैतानला आम्ही राहतो त्या खोलीतल्या बाकीच्यांना वाटलं, मी जुनं सगळं विसरलो. कसला विसरतोय.

हा साहेब म्हणजे शुऐबाच्या रिफायनरीत मी वेल्डर होतो तेव्हाचा आमचा इन्स्पेक्टर. पुण्याचा. वेल्डिंगचे जोड तपासायचे आणि पिवळ्या खडूने त्यावर फुली मारायची, हे त्याचं काम. एका आठवड्यात त्याने माझे तीन जोड नापास केले. दोन खराब होते, मी कबूल करतो. तिसरा चांगला होता. मी म्हटलं, साहेब, पुन्हा एकदा बघा. तो म्हणाला, "मी दोनदा बघत नसतो." त्या तीन फुल्यांवर कंपनीने मला वेल्डरचा हेल्पर केला आणि वर्षभर मी दुसऱ्याच्या केबली ओढल्या. त्या वर्षी गावी गेलो नाही. आईला सांगितलं, रजा मिळत नाही. तो तिसरा जोड अजून माझ्या डोक्यात आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी काढून दाखवीन.

आता साहेब त्या कंपनीत नाही. कुठे तरी सल्लागार म्हणून जातो, पगार पहिल्यासारखा नाही. पण हौस बघा. मुलगी इथेच कॉलेजला, तिला वाढदिवसाला स्पोर्ट्स कार पाहिजे. नवी परवडत नाही, जुनी नावाजलेलीही परवडत नाही. मग कुणी तरी त्याला किट कारचं खूळ भरवून दिलं. किट कार म्हणजे कारखान्यात बनलेली गाडी नव्हे. चौकोनी पाइपांची चौकट कुणी तरी जोडायची, त्यात जुन्या गाडीचं इंजिन बसवायचं, वरून फायबरचं पातळ अंग. वजनाला हलकी, म्हणून भन्नाट पळते. छप्पर नाही, एसी नाही. कुवेतच्या उन्हात असली गाडी घेणाऱ्याला मी काय म्हणू? जाऊ दे, मुलीची हौस.

गॅरेजमध्ये दलाल वाट बघत उभा होता. मुंबईचा, गोड बोलणारा. गाडी लाल, दोन सीटची, पुढची चाकं अंगाच्या बाहेर. बॉनेट काढून ठेवलं होतं आणि पुढची बाजू स्टँडवर उचललेली. मुलगी आल्या आल्या डावीकडच्या सीटवर बसली, स्टिअरिंग धरलं आणि बापाला म्हणाली, "इट्स परफेक्ट, बाबा." झालं. सौदा तिथेच अर्धा हरला साहेब. घेणाऱ्याने असं तोंड उघडायचं नसतं, पण पोरीला कोण सांगणार?

दलाल म्हणाला, "साहेब, चौकट खास इंग्लंडहून पेटीत बंद होऊन आलीय. एका इंग्लिश माणसाची गाडी. असलं काम इकडे होत नाही."

साहेबाने मोबाइलचा दिवा लावला आणि वाकून जोड बघायला लागला. जुनी सवय. हळूहळू मान डोलवायला लागला. मग मला जवळ बोलावून, मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "बघ, याला म्हणतात वेल्डिंग. आपल्या लोकांना हा हात कधी यायचा नाही."

मी वाकून बघितलं, आणि पुन्हा जवळून बघितलं. मी डावरा आहे. जोड संपतो तिथे लोखंडाची जी शेपटी उरते, ती माझी नेहमी उलट्या बाजूला वळते, कुठेही ओळखतो मी ती. एक, दोन, पाच, सगळ्या शेपट्या उलट्या. चौकट इंग्लंडची नव्हती. इथेच, अर्दियात, दोन गल्ल्या पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी ती शुक्रवार शुक्रवार करून जोडली होती. इंग्लिश माणसाने नकाशा आणून दिला होता, एवढं काय ते इंग्लंड. तेव्हा गाडी हिरवी होती, म्हणून आधी ओळखली नाही.

काय वाटलं म्हणून सांगू? आनंद झाला. अंगावर मूठभर मांस चढलं. ज्याने मला हेल्पर केलं तोच माणूस गुडघ्यावर बसून माझ्या कामाची आरती करत होता. वाटलं, आताच सांगावं त्याला, तोंड बघावं त्याचं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

तेवढ्यात त्याचं बोट डाव्या चाकाच्या ब्रॅकेटवर गेलं. चाक धरून ठेवणारा खालचा दांडा त्या ब्रॅकेटला अडकतो. तिथला जोड गुळगुळीत होता. साहेब म्हणाला, "हा तर सगळ्यात भारी. फिनिशिंग बघ."

 तो जोड मी पंखा लावून केला होता.

या वेल्डिंगमध्ये नळीतून गॅस सुटतो, तो वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. वारा आला की गॅस उडून जातो आणि जोड आतून पावासारखा जाळीदार होतो. बाकी सगळे जोड मी पंखा बंद करून, घामाने निथळत केले. शेवटच्या दिवशी उन्हाने जीव नको झाला होता, बाहेर पिकअपवाला हॉर्न मारत होता. पंखा लावला. जोड खराब झाला, मला दिसला. कापून नवीन करायला हवा होता. मी वरून ग्राइंडर फिरवला, भोकांत पुट्टी भरली, काळा रंग मारला आणि पिकअपमध्ये जाऊन बसलो. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

साहेबाने विचारलं, "काय म्हणतोस? घेऊ?"

मी थोडा वेळ गप्प राहिलो. का राहिलो तेही लिहितो. मला वाटलं, घे. तुझ्याच बोटाने पास केलास ना, घे. हा विचार माझ्या मनात आला आणि त्यावेळी त्याची मुलगी त्याच चाकामागच्या सीटवर बसून आरशात केस सारखे करत होती. इतका वाईट माणूस आहे मी, निदान तेवढा वेळ होतो.

मग म्हटलं, "साहेब, ही चौकट मी जोडलीय. बाकी सगळं चांगलं आहे. हा डावा जोड खोटा आहे. आतून पोकळ. वर रंग मारून मी लपवलाय."

तो हसला. "तू? ही?" मी शेपट्या दाखवल्या, पंख्याचं सांगितलं. तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्याने काय केलं माहितीये? उठून सरळ दलालाकडे गेला आणि म्हणाला, "काय हो, इंग्लंड काय म्हणता? हा आमचा माणूस, याने इथे गॅरेजात जोडलीय, आणि जोड खराब आहे म्हणून स्वतः सांगतोय." दलालाचा चेहरा उतरला, आणि भाव त्याहून खाली उतरला. दहा मिनिटांत मोबाइलमधल्या सरकारी ॲपवर गाडी साहेबाच्या नावावर झाली.

मी म्हटलं, "आता हा जोड कापून नवीन करू. तासाभराचं काम आहे. मशीन इथेच आहे, मी करतो."

"बघू पुढच्या महिन्यात," साहेब म्हणाला. "इतकी वर्षं टिकलाय. हिला आज समुद्रावर चक्कर मारायचीय."

मी पुन्हा सांगितलं. चाक निखळेल म्हणालो. मुलीचं नाव काढलं. तो किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "अरे, इन्स्पेक्टर मी आहे की तू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीच्या पाइपावरचा टाचणीएवढा खड्डा हा माणूस सोडत नव्हता. त्यावर माझं एक वर्ष खाल्लं याने. आणि आता मी स्वतः तोंडाने सांगतोय की खोटं काम आहे, तर पास. कारण स्वस्तात मिळालीय आणि पोरगी खूश आहे.

मी मुलीला सांगितलं, "बाळा, जरा खाली उतर." ती उतरली. साहेब दलालाशी हात मिळवत होता. भिंतीला ग्राइंडर टांगलेला होता, तो मी घेतला, कापायची चकती लावली आणि ब्रॅकेटच्या मुळावर टेकवली. ठिणग्या उडाल्या तेव्हा कुठे साहेब वळला. धावत आला, माझा दंड धरून ओढायला लागला. मी सोडलं नाही. ब्रॅकेट सुटलं आणि चाक बाहेरच्या बाजूला लोंबायला लागलं.

जोड मी धरून चाललो होतो त्याहून वाईट होता. काळा, भोकंच भोकं. कडेची बारीक रेघ सोडली तर आत धरायला काही नव्हतंच. मुलगी वाकून बघत राहिली, बापाकडे बघून इंग्रजीत काही तरी विचारलं.

"गाडी माझी आहे," तो म्हणाला. "नावावर आहे माझ्या. तू कोण कापणारा?"

मी म्हटलं, "जोड माझा आहे."

खोलीतले लोक म्हणतात, तू पोरीचा जीव वाचवलास, साहेबाने पाय धरायला पाहिजेत तुझे. मी ऐकून घेतो. पण पोरीचा जीव मी ती सीटवर बसली होती तेव्हा पणाला लावला होता, चांगला मिनिटभर, आणि ते मिनिट फक्त मला माहीत आहे.