पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे

जांघेतल्या हर्नियाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेला दोन वाटा आहेत. पहिली पोटात शिरते: आतला पातळ पडदा उघडायचा, कमकुवत जागेवर जाळी पसरायची आणि पडदा पुन्हा शिवायचा. दुसरी पोटात जातच नाही. स्नायू आणि पडदा यांच्यामधल्या फटीत गॅस भरून ती तिथेच जागा करते. पहिलीत सगळे स्वच्छ दिसते, पण आतड्यांच्या शेजारून जावे लागते. दुसरीत आतड्यांना धक्का लागत नाही, शिवणही लागत नाही. मात्र जागा अगदी अपुरी.

बेळगावात मी आजवर पहिल्याच वाटेने चालत आलो. त्या सवयीचे पुढे मत झाले आणि मताचा हट्ट. माझ्याच हाताखाली शिकलेली, खानापूरकडच्या शेतकरी घरातली एक सर्जन दुसऱ्या वाटेने जाऊ लागली, तेव्हा मी त्या वाटेला ‘अंधारात चाचपडणे’ म्हणत असे. ती वाद घालत नसे. एकदा एवढेच म्हणाली, “सर, माझ्या केसला कॅमेरा धरा की.”

म्हणून मी कॅमेरा धरला. रुग्ण वडगावचे साठीतले विणकर होते. हातमागाच्या खड्ड्यात बसून दिवसभर पाय चालवायचे हेच त्यांचे जगणे. भूल देण्याआधी त्यांनी तिला विचारले, “आक्का, पाय पयल्यावानी चालतील न्हवं? न्हायतर माग इकावा लागंल.”

“चालतील, आप्पा. त्यासाठीच तर करतोय.”

सुरुवात सुरेख झाली. पण हर्नियाच्या पिशवीजवळ, म्हणजे पडद्याचा जो भाग फुगून जांघेत उतरतो तिथे, पोचताच सगळे घट्ट चिकटलेले दिसले. कितीही हलक्या हाताने सोडवले तरी पडद्याला चीर गेली. गॅस पोटात उतरला आणि मिळवलेली जागा डोळ्यांदेखत मिटू लागली. मास्कच्या आत माझ्या ओठांवर शब्द तयार होते: मी म्हटलंच होतं. टेबलावर एका माणसाचे पाय पणाला लागलेले असताना मला आधी माझा विजय दिसला. त्या क्षणाची लाज अजून पुरती गेलेली नाही.

ती थांबली. तिच्या जागी मी असतो, तर निवडलेली वाट खरी ठरवण्यासाठी आणखी थोडे ओढून पाहिले असते. ती शांतपणे म्हणाली, “सर, पोटातून जाऊया.” आवाजात ना हार होती, ना सबब. आतून पाहिले तेव्हा पिशवी वृषणाच्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली होती. तिने ओढाताण केलीच नाही. पिशवी मध्येच कापली, पलीकडचा भाग जागच्या जागी राहू दिला. जाळी सुरकुती न पडता बसवली आणि पडदा शिवून घेतला, आधीच्या चिरेसकट. ती शिवण मीच तिला शिकवली होती. इतकी नेटकी ती माझ्या हातून मात्र कधी पडली नव्हती.

बाहेर येऊन तिने विणकरांच्या पत्नीला विचारले, “ह्ये कमरंला काय बांधत होते काय?”

“पट्टा व्हय? त्यो कवाधरनं हाय की! साडीच्या तुकड्यांची गादी करून जांघंत आवळत्यात. आमच्या गल्लीत सगळेच बांधत्यात.”

“मग सांगितलं का न्हाय?”

“औषध असतं तर सांगितलं असतं. दवाखान्यात बरं दिसत न्हाय म्हणून घरात काढून ठेवला.”

वर्षानुवर्षांच्या त्या दाबाने आतले सगळे चिकटले होते. आम्ही दोघांनीही विचारायला हवे होते. मी वयाने मोठा, म्हणून मी आधी.

तपासणीला विणकर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून तिला विचारले, “ह्ये सायेब काय करत हुते आत?”

“कॅमेरा धरला होता.”

“म्हंजे माझं फोटो काढत हुते व्हय?” पत्नीने तोंडाला पदर लावला. मीही हसलो.

मग तिने त्यांना उकिडवे बसायला सांगितले. ते भीत भीत बसले. “आता उठा, आप्पा. हळू.” उठताना त्यांचा उजवा हात सवयीने जांघेकडे गेला. तिथे दाबून धरण्यासारखे काहीच नव्हते. हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला. त्यांनी पुन्हा बसून पाहिले, पुन्हा उठले, आणि आम्ही कोणी सांगितले नसताना तिसऱ्यांदा बसले.