कुरूप माझं, पाय बाबांचे

कुकटपल्लीतल्या एका कारखान्यात मी पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर आहे. आठ तास उभ्यानं काम. कंपनीनं सगळ्यांना नवे बूट वाटले, तेव्हा माझं माप संपलं होतं. "एक नंबर लहान आहे मॅडम, चालेल?" स्टोअरवाल्यानं विचारलं आणि मी कशाला खळखळ म्हणून हो म्हटलं. चार महिन्यांत उजव्या करंगळीवर हरभऱ्याच्या डाळीएवढी टणक गाठ आली. चालताना बुटात खडा गेल्यासारखं व्हायचं. मी दोनदा बूट काढून झटकलासुद्धा.

नल्लकुंट्याला माझे बाबा माझ्याकडेच राहतात. सगळी नोकरी त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून, म्हणजे उभ्यानंच केलेली. माझी करंगळी बघून ते खुशीत म्हणाले, "कुरूप आहे. थांब, ब्लेड आणतो."

मी पळाले. मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणून लावली, तर दोन दिवसांत भोवतालची चांगली कातडी पांढरी पडून आग आग व्हायला लागली. शेवटी बाबाच मला रिक्षात घालून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी पायाआधी माझा बूट मागितला. आत हात घालून करंगळीची जागा चाचपली. म्हणाल्या, "इथं घासतं. घासतं तिथं कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, आणि फार जाड झाली की तीच आत टोचते. तुम्ही कातडीवर चिडता, बुटाला काहीच म्हणत नाही." मग त्यांनी कुरूप हलक्या हातानं तासलं. दुखलं अजिबात नाही.

बाबांना राहवेना. "मॅडम, मी तर घरीच कापतो. टाचा बघा माझ्या, काच टोचली तरी कळायची नाही."

बाईंचा हात थांबला. "शुगर आहे का तुम्हाला?"

"आहे थोडीशी."

"बूट काढा."

बाबांनी पाय खुर्चीखाली ओढले. मग नाइलाजानं मोजे उतरवले. पिवळट, जाड घट्टे, आणि डाव्या टाचेवर ब्लेडची खोल चीर, कडेला सुकलेलं रक्त. "हे कधी झालं?" बाबांनी मलाच विचारलं. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा जाड दोरा तळव्यावर जागोजागी टेकवला. लागला की 'हो' म्हणायचं. दोन ठिकाणी बाबा गप्पच राहिले.

"ब्लेड आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "घट्टे मी काढीन. शुगर असताना अशी चीर चिघळली तर पायावर बेततं."

"जी मॅडम," बाबा पुटपुटले. अख्खी बस दटावणारा माणूस!

घरी आमचे कार्यक्रम सुरू झाले. मी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवून हलकीशी वजरी फिरवायची. बाबांना भिजवणं नाही, घासणं नाही. पाय धुऊन कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्या सोडून मलम लावायचं, आणि तळवे मी रोज नीट बघायचे. बाल्कनीत आमचे चार पाय बघून शेजारच्या खाला म्हणाल्या, "क्या जी, घर में शादी है क्या?"

"हौ," बाबा म्हणाले, "मेरीच है."

चीर पंधरा दिवसांत भरली. घट्टे निघाल्यावर दोऱ्याची परीक्षा परत झाली, तेव्हा बाबा एका ठिकाणी चुकले, पण दुसऱ्या ठिकाणी इतक्या मोठ्यानं 'हो' ओरडले की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. माझे बूट मी स्टोअरमधून बदलून घेतले. माझ्यामागोमाग लाइनवरच्या तिघी जणी आपापले बदलायला घेऊन गेल्या.

बाबांच्या बुटांसाठी सुलतान बाजारला गेलो, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. दुकानदारानं पाय मोजून आठ नंबर काढला.

"सातच लागतो मला. कायम सातच घातलाय."

"चचा, नंबर तुमारा सात होंगा," तो म्हणाला, "पाँव का तो आठ है."

बाबांनी आठ नंबर चढवला. आत बोटं हलवून बघितली, परत हलवली. मग दुकानात तीन फेऱ्या मारल्या आणि तेच घालून बाहेर पडले. आमची बस समोर उभी होती. "जाऊ दे तिला," म्हणाले, "पुढच्या स्टॉपवर धरू." पुढचा स्टॉप आला, तोही मागे पडला. मी पिशव्या सावरत, "अहो बाबा, थांबा की जरा!" म्हणत गर्दीतून त्यांच्या मागे.